प्रभू काळजी घेतो, पण कोणाच्या हातांनी?

आमच्या चर्चच्या मंडळीत कुणी आजारी पडलं की आम्ही भेटायला जातो. खाटेच्या पायथ्याशी उभं राहून एक वचन वाचतो, डोळे मिटून प्रार्थना करतो आणि निघताना म्हणतो, ‘काळजी करू नका, प्रभू काळजी घेतो.’ आजारी माणूस मान हलवतो. आपण चपला शोधतो. हे वाक्य मी किती घरांत म्हणून आले असेन, त्याचा हिशोब नाही. नऊ वर्षांपूर्वी आईच्या आजारपणात ते माझ्याच घरी आलं, तेव्हा खाटेच्या दुसऱ्या बाजूला बसून ते ऐकायला कसं वाटतं हे मला कळलं.

आईला मधुमेह जुनाच. इन्सुलिन चालू होतं. त्या वर्षी तालुक्याच्या गावी मैदानावर मांडव घालून, प्रार्थनेने आजार बरे करण्याची तीन दिवसांची आरोग्यसभा भरली. बाहेरून आलेल्या प्रचारकाने आजाऱ्यांना पुढे बोलावलं, आईच्या डोक्यावर हात ठेवला आणि माइकवरून विचारलं, ‘इंजेक्शनवर विश्वास ठेवणार, की प्रभूवर?’ हजार माणसांसमोर म्हाताऱ्या बाईने काय उत्तर द्यावं? घरी येऊन तिने इन्सुलिनची बाटली फ्रिजमध्ये लोणच्याच्या बरणीमागे सरकवून ठेवली. टाकून दिली नाही, हे मला नंतर फार लागलं. तिच्याही मनात शंका होती, पण ती बोलून दाखवायला जागा नव्हती. तीन आठवड्यांत चपलेने झालेली जखम चिघळली, बोट काळं पडलं. आम्ही मुलं शनिवारी घरी आलो तेव्हा वासावरून कळलं. साखर चारशेच्या वर. डाव्या पायाची दोन बोटं काढावी लागली.

सभेच्या लोकांना फोन केला तेव्हा पलीकडून शांतपणे उत्तर आलं : ‘बहिणीचा विश्वास कमी पडला.’ बोटं गेल्याचं आईने फार मनाला लावून घेतलं नाही. या एका वाक्याने मात्र ती कित्येक रात्री रडली. आपण प्रभूला नाराज केलं, म्हणून त्याने आपल्याकडे पाठ फिरवली, असं तिला खरंच वाटत होतं.

मला जे म्हणायचं आहे ते इथूनच सुरू होतं. ख्रिस्त आपल्या माणसांची काळजी घेतो, हा माझ्या विश्वासाचा गाभा आहे. त्यावर मी जगते. पण ही काळजी म्हणजे दुखण्यातून सुटकेची हमी नव्हे. आजाऱ्याच्या विश्वासाची मापं काढणारी शिकवण ख्रिस्ताची नाही, आणि आपण मंडळ्यांनी ती आपल्या व्यासपीठांवर चालवून घेऊ नये. ख्रिस्ताची काळजी माणसापर्यंत पोचते ती बहुतेक वेळा दुसऱ्या माणसाच्या हातून. ते हात पुरवणं हे मंडळीचं काम आहे. ते आपण सोडून दिलं आहे, आणि नुसतं वाक्य हातात ठेवलं आहे.

आपल्या भाषेतला ‘काळजी’ हा शब्द मोठा विलक्षण आहे. काळजी ‘करणं’ म्हणजे आतून पोखरलं जाणं, आणि काळजी ‘घेणं’ म्हणजे दुसऱ्याला सांभाळणं. शब्द एकच, क्रियापद बदललं की अर्थ उलटा. बायबलमधल्या पेत्राच्या पहिल्या पत्रात म्हटलं आहे, आपली सर्व चिंता त्याच्यावर टाका, कारण तो तुमची काळजी घेतो. मराठी कानाला यात एक जास्तीचं काही ऐकू येतं : तुम्ही जी काळजी करत बसला आहात, तीच तो तुमच्याकडून घेतो, आपल्या अंगावर घेतो. हे वचन भिंतीवरच्या कॅलेंडरवर शोभून दिसतं. पण ते लिहिलं गेलं ते छळ सोसणाऱ्या, विखुरलेल्या विश्वासणाऱ्यांना. त्याच पत्रात त्यांना सांगितलं आहे की अग्निपरीक्षेचं नवल मानू नका. म्हणजे काळजी घेणारा आहे आणि आगही आहे. दोन्ही एकाच पत्रात आहेत.

तेविसाव्या स्तोत्राचंही तसंच. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ हे आपल्या लेकरांना बोलता येऊ लागलं की पाठ होतं. त्यात मेंढपाळ कळपाला मृत्युच्छायेच्या दरीला वळसा घालून नेत नाही. दरीतूनच नेतो, आणि सोबत असतो. स्तोत्रकर्ता भीत नाही ते दरी टळली म्हणून नव्हे, ‘तू माझ्याबरोबर आहेस’ म्हणून.

आता विश्वासाच्या मापांबद्दल. सभांमध्ये एक वचन नेहमी ऐकवलं जातं : ‘तुझ्या विश्वासाने तुला बरे केले आहे.’ येशूने ते म्हटलं आहे, रक्तस्रावाने बारा वर्षं पिडलेल्या बाईला म्हटलं आहे. पण केव्हा? ती बरी झाल्यावर, गर्दीत थरथर कापत त्याच्या पायाशी पडली असताना, तिची मान ताठ व्हावी म्हणून. बऱ्या न झालेल्या एखाद्या आजाऱ्याला ‘तुझा विश्वास कमी पडला’ असं येशूने सांगितल्याची जागा मला त्याचं चरित्र सांगणाऱ्या चारही शुभवर्तमानांत सापडलेली नाही. उलट मत्तयाच्या सतराव्या अध्यायात फेफऱ्याने पडणाऱ्या मुलाला शिष्य बरं करू शकत नाहीत आणि ‘आम्हाला का जमलं नाही’ असं विचारतात, तेव्हा येशू अल्पविश्वासाचा ठपका ठेवतो तो शिष्यांवर. मुलावर नाही, मुलाच्या बापावरही नाही. मार्काने हीच गोष्ट सांगताना बापाचे शब्द जपून ठेवले आहेत : ‘माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका.’ अर्धा विश्वास, अर्धी शंका. तेवढ्यावर येशूने मुलाचा हात धरून त्याला उठवलं. लोणच्याच्या बरणीमागे बाटली जपून ठेवणाऱ्या माझ्या आईचा विश्वास याहून काय वेगळा होता?

आणि कफर्णहूमातले ते चौघे. पक्षाघाती माणसाला बाजेवर घालून आणलं, दारात गर्दी, आत शिरायला वाट नाही. ते छपरावर चढले, छप्पर उस्तरलं आणि बाज खाली सोडली. मार्क लिहितो, येशूने ‘त्यांचा’ विश्वास पाहिला. बाजेवर पडलेला माणूस त्या क्षणापर्यंत एक शब्दही बोललेला नाही. त्याचा स्वतःचा विश्वास किती होता, कुणाला ठाऊक. कदाचित वर्षानुवर्षं पडून राहून तो विझला असेल, आजारात असं होतं. त्याच्या वाटणीचा विश्वास चौघांनी खांद्यावर वाहून आणला. मंडळी म्हणजे काय, असं मला कुणी विचारलं तर मी हे छप्पर दाखवीन.

आईच्या बाबतीत छपरावर चढली ती आमच्या भगिनीमंडळातली एक बाई. मिशन हॉस्पिटलातून निवृत्त झालेली परिचारिका. सगळं गाव तिला सिस्टरमावशी म्हणतं. आई घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी ती स्टीलचा डबा घेऊन आली. त्यात गॉज, पट्ट्या, हातमोजे, छोटी कात्री. पाटावर बसली, मांडीवर जुना टॉवेल आणि त्यावर वर्तमानपत्र पसरलं आणि म्हणाली, ‘द्या पाय.’ आईने संकोचाने पाय मागे ओढला, येशू शिष्यांचे पाय धुवायला बसला तेव्हा पेत्र नको म्हणाला होता तसं. मावशीने ऐकलं नाही. चिकटलेली पट्टी सलाइनच्या पाण्याने भिजवत, एकेक पदर सोडवत ती अर्धा अर्धा तास बसे. वास यायचा. तिने कधी नाकाला पदर लावला नाही. आईच्या विश्वासाबद्दल एक शब्द विचारला नाही. साखर किती आली ते विचारायची आणि आंबा खाल्लेला कळला की रागवायची. एक दिवसाआड, तीन महिने. जखम भरून आली त्या दिवशी आई म्हणाली, ‘प्रभूने टाकलं नाही गं मला.’ हे तिला प्रवचनातून पटलं नव्हतं. पायापासून पटत गेलं होतं.

मराठी मनाला असा देव परका नाही. जनाबाईसोबत जात्यावर बसणारा विठ्ठल आपण ओव्यांतून ऐकत आलो. म्हणूनच रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताला माउली म्हटलं, गुरू आणि आई एकाच हाकेत, तेव्हा ती हाक इथल्या मातीतूनच उगवल्यासारखी वाटली. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं ते म्हणत. पायाशी घंगाळ घेऊन बसणारा प्रभू टिळकांच्या वाचकाला समजावून सांगावा लागला नसेल.

विश्वास पक्का असला की दुखणं जातं, असं मानणाऱ्यांनी पंडिता रमाबाईंच्या आयुष्याकडे नीट पाहावं. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे आईवडील आणि बहीण उपासमारीने गेले. १८८३ साली त्या वैद्यकी शिकायच्या हेतूने इंग्लंडला गेल्या. कानांनी नीट ऐकू येत नाही म्हणून तो बेत सोडावा लागला. त्याच वर्षी त्यांचा बाप्तिस्मा झाला, पण बहिरेपण गेलं नाही. लेक मनोरमा त्यांच्या कामाचा उजवा हात होती. ती १९२१ साली आईच्या आधी गेली. पुढच्या वर्षी, ५ एप्रिल १९२२ रोजी, रमाबाई गेल्या. या बाईचा विश्वास कमी पडला असं म्हणायची कुणाची छाती आहे?

त्यांची काळजी ख्रिस्ताने कशी घेतली, याचं उत्तर पुणे जिल्ह्यातल्या केडगावात आहे. १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि रस्त्यावर, धर्मशाळांत पडलेल्या मुली-बायकांना घेऊन आल्या. १९००च्या सुमारास गुजरातच्या दुष्काळातल्या मुली आल्या. भूक काय असते हे रमाबाईंना पुस्तकातून कळलेलं नव्हतं. त्या मुलींसाठी केडगावच्या त्यांच्या मुक्तिसदनात विहिरी, शेती, गुरं, विणकाम आणि छापखाना उभा राहिला. आंधळ्या मुलींसाठी वेगळी सोय झाली, आणि फसवल्या गेलेल्या बायकांसाठी वेगळं घर. रमाबाई प्रार्थना करत, तासन्‌तास करत, मूळ भाषांवरून बायबलचं मराठी भाषांतर करत. हे सगळं एकाच अंगणात चालत होतं. प्रार्थना एकीकडे आणि दळण दुसरीकडे, अशी वाटणी तिथे नव्हती.

मिरजेचंही तेच. १८९४ साली मिशनरी डॉ. विल्यम वानलेस यांचं रुग्णालय तिथे सुरू झालं आणि पुढे दक्षिण महाराष्ट्र-कर्नाटकातली माणसं बैलगाडीने, रेल्वेने ‘मिरजेला’ जाऊ लागली. नगरचं मुक्तिफौजेचं, म्हणजे साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती संस्थेचं, बूथ हॉस्पिटल २०२० साली करोनाच्या पहिल्या दिवसांत रुग्णांना दाखल करून घेत होतं, लोक शेजाऱ्याच्या दारावरून जायला भीत होते तेव्हा. आमचा वारसा हा आहे. प्रार्थनेनंतर औषध देणारे डॉक्टर आणि औषधानंतर प्रार्थना करणाऱ्या परिचारिका आमच्याच मंडळ्यांनी घडवल्या. त्या मंडळ्यांच्या व्यासपीठावरून ‘औषध म्हणजे अविश्वास’ असं कुणी म्हणत असेल, तर तो आमच्या आजी-आजोबांच्या आयुष्यभराच्या कामावर पाणी फिरवतो आहे.

‘मग तुमचा चमत्कारावर विश्वास नाही?’ असं मला विचारलं जातं. आहे. प्रार्थनेनंतर डॉक्टरांनाही कोड्यात टाकणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि देवाचे हात कुणी बांधावेत असं मला वाटत नाही. पण जो बरा झाला त्याच्यासाठी आभार मानणं वेगळं आणि जो बरा झाला नाही त्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणं वेगळं. प्रेषित पौलाने आपल्या शरीरातला काटा, म्हणजे त्याला सतत छळणारं दुखणं, काढावा म्हणून तीनदा विनंती केली. काटा निघाला नाही. ‘माझी कृपा तुला पुरे आहे’ एवढंच उत्तर मिळालं. पौलाला आजच्या सभेत साक्ष द्यायला उभं केलं असतं का?

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. तो मांडणारे विचारतात, ‘या सभांना गोरगरीब का जातात, याचा विचार केलात?’ केला आहे. औषध महाग आहे. सरकारी दवाखान्यात रांग आहे, तिथे कुणी वर मान करून बघत नाही. सभेत निदान कुणीतरी नाव विचारतं, डोक्यावर हात ठेवतं, रडू देतं. आईने मला पुढे सांगितलं, बाबा गेल्यापासून तिच्या डोक्यावर कुणी हात ठेवलाच नव्हता. म्हणून त्या मांडवात जाणाऱ्या माणसांना मी अडाणी म्हणणार नाही. जी माया त्यांना मंडळीत मिळायला हवी होती ती शोधत ती तिथे जातात. यात पहिला दोष आमचा आहे. जादुई उपायांच्या जाहिरातींविरुद्ध १९५४चा कायदा आहे, महाराष्ट्राचा २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. कायद्याने आपलं काम करावं. पण मायेची उणीव कायदा भरून काढत नाही.

आणि बाहेरून एक आरोप होतो, तोही टाळून चालणार नाही : ख्रिस्ती लोकांची सेवा हे आमिष असतं. याचं उत्तर मी दहा कुष्ठरोग्यांवरून देईन. येशूने दहांना बरं केलं, आभार मानायला एकच परतला, तोही परका, शोमरोनी. येशूने ‘बाकीचे नऊ कोठे आहेत’ असं विचारलं खरं, पण त्या नवांचं आरोग्य परत घेतलं नाही. ज्या काळजीच्या पोटात अट असते ती त्याची नव्हे. आमच्यापैकी कुणी अट घालत असेल तर त्याला आम्हीच थांबवायला हवं. पण आधी घरची माणसं सांभाळायला हवीत. आज नगर जिल्ह्यातल्या कितीतरी ख्रिस्ती वस्त्यांत मुलं पुण्या-मुंबईला, आखातात, आणि घरात एकटी म्हातारी माणसं, असं चित्र आहे. रविवारी त्यांची जागा बाकावर रिकामी दिसते. दोन-तीन रविवार गेले की तिथे दुसरं कुणी बसतं.

बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात मंडळीतलं पहिलं मोठं गाऱ्हाणं कशावरून उठलं, आठवून पाहा. सिद्धान्तावरून नाही. रोजच्या वाटणीत ग्रीक बोलणाऱ्या विधवांची हेळसांड होते, यावरून. आणि प्रेषितांनी काय केलं? ‘प्रभू त्यांची काळजी घेईल’ म्हणून विषय मिटवला नाही. मंडळीला सात माणसं निवडायला लावली, त्यांच्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि त्यांना पंक्तिसेवेचं काम सोपवलं. त्या सातांत स्तेफन होता. मंडळीचा पहिला हुतात्मा आधी वाढपी होता, हे मला फार मोठं वाटतं.

म्हणून माझं मागणं साधं आहे, आणि ते माझ्यासकट सगळ्यांकडे आहे. प्रत्येक मंडळीने एक वही ठेवावी. आजारी, एकटे, अपंग, नुकतंच माणूस गमावलेले, अशांची नावं त्यात असावीत, आणि प्रत्येक नावापुढे मंडळीतल्या दोघांची. अर्पणाचा ठरलेला हिस्सा औषधांसाठी आणि येण्याजाण्याच्या खर्चासाठी बाजूला काढावा. आमच्या मंडळीने मागे नव्या स्पीकरवर जेवढं खर्च केलं त्याच्या दहाव्या हिश्शाइतकंही त्या वर्षी आजाऱ्यांवर केलं नाही, आणि हिशोब वाचला गेला तेव्हा मीही हात वर करून मंजुरी दिली. बाहेरच्या कुणालाही व्यासपीठ देण्याआधी पंचांनी त्याच्याकडून कबूल करून घ्यावं की औषध सोडायला सांगणार नाही. नाही म्हणाला तर मांडव घालू नये. आणि साक्षीची वेळ बऱ्या न झालेल्यांनाही द्यावी. आजवर माइक मिळतो तो बरं झालेल्यांनाच. नऊ वर्षांत माझ्या आईला कुणी साक्ष द्यायला बोलावलं नाही. तिच्याजवळ सांगण्यासारखं जे आहे ते मंडळीत फार थोड्यांजवळ असेल.

काही जण म्हणाले, हे पाळकसाहेबांचं काम आहे. आमचे पाळकसाहेब चार गावं सांभाळतात, दोन चाकांवर, ऊनपावसात. एकट्या माणसाने बाज उचलली जात नाही, म्हणून तर तिथे चौघे होते.

या पावसाळ्यापासून आमच्या मंडळीत वही सुरू झाली आहे. शंभर पानी, निळ्या पुठ्ठ्याची, वेदीजवळच्या टेबलावर असते. सिस्टरमावशी आता ऐंशीच्या पुढे गेली, तिचंच नाव पहिल्या पानावर आहे. मोतीबिंदूमुळे तिला दिसत नाही, म्हणून आई रोज संध्याकाळी काठी टेकत जाते आणि तिला स्तोत्र वाचून दाखवते. त्या पानावर एकूण सहा नावं आहेत. पाच नावांपुढे माणसं लागली. सहाव्या घरच्या ताईंना मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिसला नगरला जावं लागतं. सकाळची सहाची एसटी, परतायला चार वाजतात. शुक्रवार मी घेतला आहे. मंगळवारची जागा अजून कोरी आहे.